भात कुठवर आलंय?

“ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा. गाव संगमेश्वर तालुक्यात. गेली १७ वर्षं पुण्यात नोकरीला आहे, राहायला वाकडला अकराव्या मजल्यावर. तक्रार करावी असं काही नाही, पण दिवस कुठे जातात कळत नाही. परवा माझ्या सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘बाबा, थंडी सुरू झाली का?’ मी फोन काढून तापमान बघायला लागलो. ती ‘राहू दे’ म्हणाली, बाल्कनीचं दार उघडलं आणि हात बाहेर काढून बघितला. ते मला फार लागलं. ध्यानाचं ॲप घेतलं होतं, २१ दिवसांचा कार्यक्रम होता, नवव्या दिवशी सुटला. ‘या क्षणात राहा’ असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय? गेल्या वर्षी भाद्रपदात, गौरी-गणपती गेल्यावर चार दिवसांनी, माझे वडील वारले. त्या दिवशी पाऊस होता की ऊन, मला आठवत नाही. रात्रभर गाडी चालवत गावी गेलो होतो. घाटात वायपर चालू होता का, तेही आठवत नाही. यंदा कोजागरीला गावी जायचं ठरवलं होतं, कामामुळे राहिलं. आई दर रविवारी फोन करते, शेतीभातीचं सांगते, मी ‘हो का, बरं’ म्हणतो. माझं काय चुकतंय?”
— एक वाचक, वाकड

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर अडले, आणि ते तुम्ही सर्वांत घाईनं लिहिलेलं वाक्य आहे. वडील, मुलगी, घाट, ॲप या सगळ्याबद्दल तुम्ही थांबून लिहिलंत. आईचा फोन मात्र एका ओळीत उरकलात. मला तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात ऋतू कुठे असेल तर तो त्या फोनमध्ये आहे.

माझं माहेर चिपळूणकडचं. त्यामुळे तुमची आई काय सांगत असेल ते मला न ऐकताही ऐकू येतं. मे सरत आला, रोहिणी लागली की ‘धूळवाफ्यात बी टाकलं’. आर्द्रात ‘तरवा वीतभर झालाय’, तरवा म्हणजे लावणीची रोपं. आषाढात ‘लावणी उरकली एकदाची, माणसं मिळत नव्हती’. भाद्रपदात ‘भात पोटरीला आलंय’, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात आहे. दसऱ्याच्या सुमाराला ‘हळवं कापलं, गरवं अजून हिरवं आहे’, हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात, गरवं उशिरा पिकणारं. आता कार्तिक संपताना ‘झोडणी झाली, कुळीथ पेरला’. आणि महिन्याभरानं ती म्हणेल, ‘आंब्याला मोहोर दिसतोय, पण थंडी पडायला हवी.’ वर्षभराच्या बावन्न रविवारांत ती माउली तुम्हाला सगळं ऋतुचक्र सांगून टाकते, तेही प्रत्यक्ष शेतात उभं राहून बघितलेलं.

यंदा तर तिनं काही वेगळंच सांगितलं असणार. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. मृग लागायला अजून बारा-तेरा दिवस होते. धूळवाफा म्हणजे कोरड्या, भुसभुशीत मातीत केलेली पेरणी, आणि मातीच मे महिन्यात भिजून बसली तर ती पेरणी करायची कुठे? ज्यांचं सगळं वर्ष त्या बियाण्यावर उभं असतं त्यांच्या घरात या प्रश्नानं झोप उडते. तुमच्या घरात त्या आठवड्यात काय झालं, आईनं बी कधी टाकलं, कुणाला विचारलं, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर मी तुम्हाला बोल लावत नाही. एवढंच सांगते, की ही गोष्ट तुमच्यापासून लपलेली नव्हती. ती फोनवर सांगितली गेली होती.

आता तुमचा प्रश्न. क्षणात राहायचं म्हणजे काय करायचं?

मला स्वतःला हा शब्दप्रयोग कधी उपयोगी पडला नाही. क्षण ही फार बारीक गोष्ट आहे. तो पकडायला बसलं की आपण त्याच्यावर डोळे वटारून बसतो आणि तो गेला की स्वतःवर चिडतो. ध्यानाला मी नावं ठेवत नाही, अनेकांना त्याचा आधार होतो. पण तुम्ही नवव्या दिवशी सोडलंत म्हणून तुमच्यात खोट आहे असं मानू नका. ज्यांच्याकडून आपण हे लक्ष देणं शिकायला हवं त्या तुमच्या आईवडिलांनी कधी डोळे मिटून ‘मी आत्ता इथे आहे’ असं म्हटलं नसेल. ते डोळे उघडे ठेवून एक साधा प्रश्न विचारत: भात कुठवर आलंय? पाऊस कुठल्या अंगानं येतोय? आंब्याला पालवी आहे की मोहोर? प्रश्न नेमका असला की मन आपोआप जागेवर येतं, त्याला ओढून बसवावं लागत नाही.

आणि या प्रश्नांमागे काम होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावात कुणी ‘निसर्ग बघायला’ बाहेर पडत नसे. पावसाच्या आधी कौलं परतायची, लाकूडफाटा पडवीत भरायचा, चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड-कुरडया वाळवायच्या आणि ढग दिसला की सगळ्यांनी मिळून ते वाळवण आत पळवायचं. गौरीसाठी तेरडा आणायचा तर तो कुठल्या बांधावर फुललाय हे आधी बघून ठेवायला लागे. भोगीच्या भाजीला ओला हरभरा, वालपापडी, तीळ असं त्या दिवसांतलं जे असेल तेच लागे. ऋतू हातांतून जात होता, म्हणून तो डोक्यात राहत होता. अकराव्या मजल्यावर कौलं नाहीत, बांध नाही, लाकूडफाटा नाही. हवा यंत्रातून येते, पाणी नळातून, आणि कोबी-फ्लॉवर बाराही महिने. तिथे ऋतू आपणहून दार वाजवत नाही. त्याला काही निमित्त लावून ठेवावं लागतं.

मी तुम्हाला अशी दोन-तीन निमित्तं सुचवते. सगळी करू नका. एक करा.

जुन्या माणसांनी काळाचं जे माप ठेवलं होतं ते मला क्षणापेक्षा फार बरं वाटतं. ते नक्षत्राचं. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. मृगापासून स्वातीपर्यंत पावसाची अकरा नक्षत्रं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. हस्ताचा हत्ती मधे ठेवून मुली हादग्याचा फेर धरत. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ हे तर तुम्ही वडिलांच्या तोंडून ऐकलंच असेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजही प्रत्येक नक्षत्र कधी लागतं आणि त्याचं वाहन काय, बेडूक की म्हैस की मोर, ते छापलेलं असतं. वाहनावरून पाऊस ठरतो असं मी म्हणणार नाही. पण तेरा-चौदा दिवस हे माप माणसाच्या नजरेला बरोबर बसतं. रोज बघितलं तर काही बदललेलं दिसत नाही आणि महिन्यानं बघितलं तर सगळंच बदलून गेलेलं असतं. पंधरवड्याच्या आत मात्र काहीतरी हललेलं नक्की सापडतं.

पावसाची नक्षत्रं संपली की पुढची कुणी फारशी विचारत नाही. तुम्ही विचारा. आपण ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्य त्या तारकांच्या बाजूला असतो, म्हणून जूनमध्ये मृग दिसूच शकत नाही. तो दिसतो आता. येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या संध्याकाळी, मुलीला घेऊन गच्चीवर जा आणि पूर्वेकडे बघा. चंद्र मृगाच्या आसपास असेल. त्या महिन्याला मार्गशीर्ष हे नाव त्यावरूनच पडलं. चांदणं फार असेल तर चार-पाच दिवसांनी पुन्हा जा, एका ओळीतले तीन तारे चटकन सापडतील. तुमचे वडील ज्या मृगाची जूनमध्ये वाट बघत, तो हा.

दुसरं निमित्त बाल्कनीचं. ती पश्चिमेला असेल तर सूर्य कुठे मावळतो ते एखाद्या इमारतीच्या किंवा डोंगराच्या खुणेवरून धरून ठेवा. पुण्यात नोव्हेंबर सरताना सूर्य वर्षातला सर्वांत लवकर मावळतो, सहाच्या किंचित आधी. लहानात लहान दिवस मात्र २१-२२ डिसेंबरचा. आणि त्यानंतरही सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहते. शाळेत हे कुणी शिकवत नाही, पण मुलीला सकाळी शाळेच्या बसपर्यंत सोडणाऱ्या बापाला ते कळतं. डिसेंबरात मावळतीची जागा डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, जाऊन थांबते. मग ती परत फिरते. हात लांब करून मूठ धरली तर ती आभाळाचा साधारण दहा अंशांचा तुकडा झाकते, आणि डिसेंबरच्या जागेपासून जूनच्या जागेपर्यंत सूर्य अशा पाच मुठी सरकतो. मार्चमध्ये तो इतका भरभर सरकतो की रोज जवळपास आपल्या बिंबाएवढी जागा बदलतो. तुमची बाल्कनी पूर्वेला असेल तर हेच सगळं उगवतीला दिसेल, फक्त डावं-उजवं उलटं.

आणि १३ मेच्या सुमाराला पुण्यात भर दुपारी साडेबाराच्या दरम्यान सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तुमचं गाव दक्षिणेला असल्यानं तिथे हे चार-पाच दिवस आधी होतं. मुलीला आधी आजीला फोन करायला सांगा: ‘आजी, तुझी सावली कुठे गेली?’ मग चार-पाच दिवसांनी स्वतःची शोधायला सांगा.

झाडाचंही सांगते, कारण माझं स्वतःचं निमित्त ते आहे. इमारतीपासून बसपर्यंतच्या वाटेवरचं एकच झाड निवडा. शोभेचे पाम नकोत. सावर, पिंपळ, कडुनिंब, बहावा, असं पान गाळणारं आणि फुलणारं काही. पुण्यात या दिवसांत बुचाचा बहर असतो. पहाटे रस्त्यावर लांब देठांची पांढरी फुलं पडलेली दिसतील. त्यांच्या देठांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते. तुम्हाला येत नसेल तर आईला विचारा. सावर निवडलीत तर जानेवारीत ती पानं टाकून मोकळी होईल आणि मग निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं येतील, त्यांच्यातला मध खायला पक्ष्यांची झुंबड उडेल. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडेल. दर पंधरा दिवसांनी झाडाखाली दोन मिनिटं उभे राहा. पानं जुनी किती, नवी किती, कळी आहे का, फळ आहे का, एवढंच बघायचं आणि दिनदर्शिकेतल्या त्या दिवसाच्या चौकोनात एक ओळ लिहायची. आपल्या आया त्याच चौकोनांत दुधाचा हिशेब आणि सिलिंडर आल्याची तारीख लिहीत. जागा पुरते. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका असं मी म्हणेन, निदान पहिलं वर्षभर. फोटो काढला की बघायचं काम झालं असं वाटतं.

आता वडिलांचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

काही वर्षांपूर्वी माझे यजमान एका मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होते. एकोणीस दिवस मी तिथे होते, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. डॉक्टर काय म्हणाले, कुठली औषधं होती, कोण कोण भेटायला आलं, यातलं फार थोडं माझ्यापाशी उरलंय. पण त्या खोलीच्या खिडकीसमोर एक पिंपळ होता. आम्ही गेलो तेव्हा तो पानं गाळत होता, खालचा पत्रा सगळा पिवळा झाला होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो जवळजवळ उघडा होता. पाचव्या की सहाव्या दिवशी फांद्यांच्या टोकांना तांबूस काही दिसलं, मग ती पानं बाहेर आली, ओल्या फडक्यासारखी मऊ, खाली लोंबणारी, तांब्याच्या रंगाची. घरी निघालो तेव्हा ती हिरवी होऊन सळसळायला लागली होती. मी ते झाड ठरवून बघितलं नाही. दुसरं बघायला काहीच नव्हतं. पण आज ते एकोणीस दिवस आठवायचे तर मी पानांच्या रंगावरून आठवते, आणि मग एकेक गोष्ट मागून येते.

तुमच्याकडे त्या रात्री झाड नव्हतं. स्टिअरिंग होतं, घाट होता, आणि मनात एकच बातमी होती. त्या अवस्थेत वायपर चालू होता का हे न आठवणं म्हणजे बेफिकिरी नव्हे. दुःखाचा आघात झाला की माणसाची नजर आत वळते. तुमच्या हातून वडिलांचा अपमान झालेला नाही. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावं अशी माझी इच्छा आहे.

एक मात्र विचारते. वर्ष उलटून गेल्यावरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रोजच्या वाटेवर गाडी चालवताना मधला रस्ता आठवेनासा होत असेल, तर झाड आणि नक्षत्रं पुरेशी नाहीत. समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. आधी तिथे फोन करा, सूर्य आणि पिंपळ थांबतील.

त्या दिवशीचं आभाळ तुमच्यापाशी नाही, पण ते हरवलेलं नाही. आईला ठाऊक आहे. गौरी-गणपती गेल्यावर चार दिवसांनी, म्हणजे उत्तरा नुकतं लागलेलं. हळवं भात पिकायला आलेलं असणार, गरवं निसवत, म्हणजे कणसं बाहेर टाकत असणार. पण हा माझा हिशेब. खरं काय होतं ते तिनं बघितलंय: पहाटे उघडीप होती की झड लागली होती, अंगणात चिखल होता का, वडिलांनी आदल्या दिवशी शेताकडे फेरी मारली होती का, येऊन काय म्हणाले होते. कदाचित तिला हे कुणीच अजून विचारलेलं नसेल. लोक अशा वेळी आजार विचारतात, कारण विचारतात. शेत कसं होतं असं कोण विचारणार? तुम्ही विचारू शकता. ती रडेल कदाचित, तुम्हीही रडाल. लॅपटॉप मिटून, बाल्कनीत उभं राहून हा फोन घ्या, आणि मुलगी आसपास घुटमळत असेल तर तिला हाकलू नका.

तुमच्याकडे कोजागरीला नवं बांधतात ना? भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसं, कुरडूचं फूल, आंब्याचं पान एकत्र करून दाराला. गेल्या वर्षी सुतकाचं घर, त्यामुळे बांधलं नसेल. म्हणजे त्याआधीचं, वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं, वाळून तपकिरी झालेलं नवं आणखी वर्षभर त्या चौकटीवर तसंच राहिलं असेल. यंदा तुम्ही गेला नाहीत. या रविवारी आईचा फोन आला की आधी भात किती झालं ते विचारा, आणि मग हे विचारा, की यंदाचं नवं कोणी बांधलं, आणि जुनं काढून तिनं कुठे ठेवलंय.

तुमची,
ताई